सेल्टिक्स की निक्स? प्लेऑफआधी दोन प्रतिस्पर्धी संघ कसे तोलायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या कोर्टवर शनिवार-रविवारी सकाळी मुलं खेळायला येतात. मार्च संपत आला की वॉर्म-अप बाजूला राहतो आणि एनबीएची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, चर्चा सुरू होते. मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, नेरूळ-वाशीकडचे जुने टीममेट रात्री मेसेज पाठवतात. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

उदाहरणासाठी मुद्दाम २०२५चे बॉस्टन सेल्टिक्स आणि न्यू यॉर्क निक्स घेतले आहेत. निकाल आता माहीत आहे, त्यामुळे प्लेऑफआधी काय बघायला हवं होतं आणि आपण काय बघितलं हे ताडून पाहता येतं. मी सेल्टिक्सचा चाहता आहे हे आधीच सांगतो. त्या वर्षी दोघांच्या मालिकेआधी मी ग्रुपवर ‘सेल्टिक्स, पाच सामन्यांत’ असं लिहिलं होतं. निक्सने ती मालिका ४-२ अशी जिंकली आणि मी चुकलो. खालची बरीचशी उत्तरं ती चूक शोधताना सापडली आहेत.

१. प्लेऑफ म्हणजे नेमकं काय? त्यात कोण पोहोचतं?

एनबीएत ३० संघ आहेत, पूर्वेकडच्या गटात १५ आणि पश्चिमेकडच्या गटात १५. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो, त्यातले ४१ घरच्या कोर्टवर. प्रत्येक गटातले पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे चार संघ ‘प्ले-इन’ नावाचे एक-दोन सामने खेळून उरलेल्या दोन जागा मिळवतात. मग चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत समोरच्या संघाला सातपैकी चार सामन्यांत हरवायचं असतं. म्हणजे विजेतेपदासाठी १६ विजय लागतात. आयपीएलसारखं एका रात्रीत सगळं संपत नाही. सात सामने असल्यामुळे तुलना कशी बदलते ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. सेल्टिक्स आणि निक्सच का? खरी दुश्मनी तर सेल्टिक्स-लेकर्सची ना?

लेकर्सशी असलेलं वैर अंतिम फेरीचं आहे. सेल्टिक्सची १८ विजेतेपदं, लेकर्सची १७. पण लेकर्स पश्चिम गटात आहेत, त्यामुळे प्लेऑफमध्ये दोघांची गाठ पडली तर ती थेट फायनललाच. निक्स हे सेल्टिक्सचे शेजारी. एकच गट, एकच डिव्हिजन (गटातला पाच संघांचा उपगट), आणि १९४६ साली लीग सुरू झाली तेव्हापासून दोन्ही संघ आपापल्या शहरातच आहेत. २०२५पर्यंत निक्सची विजेतेपदं दोनच, १९७० आणि १९७३. त्यामुळे त्यांच्या चाहत्यांची भूक मोठी होती. शेजारी संघ दरवर्षी चारदा भेटतात, म्हणून तुलनेला साहित्य जास्त मिळतं. साहित्य जास्त असलं की फसायची शक्यताही वाढते.

३. दोन संघ तोलताना पहिला आकडा कोणता बघायचा?

जिंकलेले-हरलेले सामने बघा, पण तिथे थांबू नका. २०२४-२५ मध्ये सेल्टिक्स ६१-२१ आणि निक्स ५१-३१ होते. पूर्व गटात सेल्टिक्स दुसरे, निक्स तिसरे. दहा विजयांचा फरक.

त्यानंतर लगेच सरासरी गुणफरक बघायचा, म्हणजे संघ दर सामन्याला सरासरी किती गुणांनी पुढे राहिला. एका गुणाने जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना गुणतक्त्यात सारखेच दिसतात, पण संघाची ताकद सारखी सांगत नाहीत. सेल्टिक्सचा गुणफरक सुमारे ९ होता, निक्सचा सुमारे ४. त्या हंगामातले सर्वात भारी ओक्लाहोमा सिटी थंडर जवळपास १३वर होते.

म्हणजे दोन्ही आकडे सेल्टिक्सच्या बाजूने. त्यात भर म्हणजे निक्स त्या हंगामात थंडर, क्लीव्हलँड आणि सेल्टिक्स या तीन बड्या संघांविरुद्ध मिळून दहाच्या दहा सामने हरले होते. ‘मोठ्यांसमोर निक्स टिकत नाहीत’ हे वाक्य त्या एप्रिलमध्ये मी निदान वीस वेळा ऐकलं असेल आणि पाचेक वेळा स्वतः म्हटलं असेल.

४. आपसातले चारही सामने एकच संघ जिंकला असेल तर निकाल ठरलाच ना?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते नीट समजून घ्यायला हवं.

२०२४-२५ मध्ये सेल्टिक्सने निक्सला ४-० हरवलं होतं. आता ते चार सामने क्रमाने बघा. २२ ऑक्टोबरला १३२-१०९. त्या रात्री सेल्टिक्सने २९ थ्री (लांबून टाकायच्या तीन गुणांच्या फेकी) पाडून एका सामन्यातल्या विक्रमाची बरोबरी केली. ८ फेब्रुवारीला १३१-१०४. २३ फेब्रुवारीला ११८-१०५. ८ एप्रिलला ११९-११७, तेही ओव्हरटाइममध्ये. फरक बघा: २३, २७, १३ आणि २. मी ४-० वाचलं, हे चार फरक वाचले नाहीत.

दुसरी गोष्ट, पहिल्या तीन सामन्यांत निक्सचा उंचापुरा सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) मिचेल रॉबिन्सन खेळलाच नव्हता. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो फेब्रुवारीच्या अगदी अखेरीस परतला. प्लेऑफमध्ये त्याच्यामुळे निक्सचे रीबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर बॉल ताब्यात घेणं) वाढले आणि डिफेन्स बदलला. म्हणजे ज्या निक्सना सेल्टिक्सने ऑक्टोबर-फेब्रुवारीत झोडपलं, ते निक्स मे महिन्यात मैदानावर उतरलेच नव्हते.

मग आपसातल्या निकालाला कधीच मानायचं नाही का? तसंही नाही. २००७ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ६७ सामने जिंकले होते आणि पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर ४२-४० असा रडतखडत आठवा आलेला गोल्डन स्टेट वॉरियर्स होता. पण त्या हंगामात वॉरियर्सने डॅलसला तीनही सामन्यांत हरवलं होतं. त्यांचे कोच डॉन नेल्सन आधी डॅलसचेच कोच होते, समोरचा संघ त्यांना आतून-बाहेरून माहीत होता, आणि लहान चणीच्या वेगवान खेळाडूंसमोर डॅलसची तारांबळ उडत होती. ही कारणं एप्रिलमध्येही तशीच होती. वॉरियर्सने मालिका ४-२ अशी जिंकली.

म्हणून मी आता प्रत्येक आपसातल्या सामन्याला एकच प्रश्न विचारतो: हा निकाल ज्या कारणामुळे लागला, ते कारण प्लेऑफमध्ये शिल्लक असणार आहे का?

५. घरच्या कोर्टचा फायदा किती धरायचा?

सातच्या मालिकेत वरच्या मानांकनाच्या संघाला पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना घरी मिळतो. तिसरा, चौथा आणि सहावा दुसऱ्याच्या घरी. फायदा खरा आहे: झोप, प्रवास, ओळखीची रिंग, प्रेक्षक. पण तो सगळ्या संघांना सारखा मिळत नाही. सेल्टिक्स त्या हंगामात घरी २८-१३ आणि बाहेर ३३-८ होते. म्हणजे ते बाहेर जास्त चांगले होते. तरीही आम्ही सगळे ‘पहिले दोन बॉस्टनमध्ये आहेत’ असं म्हणून निश्चिंत होतो. नेमके तेच दोन निक्सने नेले. पूर्ण मालिकेत घरचा संघ तीनदा जिंकला, बाहेरचा तीनदा.

६. ‘सात सामन्यांत चांगलाच संघ जिंकतो’ हे खरं आहे का?

बऱ्याचदा खरं आहे, पण लोक समजतात तितक्या वेळा नाही. हिशेब मांडून बघा. समजा प्रत्येक सामना जिंकायची चांगल्या संघाची शक्यता ६० टक्के आहे. मग सातच्या मालिकेत तो जिंकायची शक्यता ७१ टक्के होते. ५५ टक्क्यांचे ६१ होतात, ६५चे ८०, आणि ७०चे ८७.

दोन गोष्टी लक्षात येतील. मालिका मोठी असल्यामुळे चांगल्या संघाचं पारडं आणखी जड होतं हे खरं. पण दर सामन्याला ६५ टक्के म्हणजे बराच वरचढ संघ, आणि तोसुद्धा पाचपैकी एक मालिका हरतो. त्या पाचात एक मालिकेचं वर्णन नंतर ‘अविश्वसनीय’ असं होतं, पण त्यात अविश्वसनीय काहीच नसतं. पालघरला पावसाची शक्यता २० टक्के सांगितली आणि पाऊस आला, तर हवामान खातं खोटं ठरत नाही. छत्री नेली नाही ही आपली चूक.

हा हिशेब प्रत्येक सामना स्वतंत्र आणि सारखा धरतो. खऱ्या मालिकेत घर-बाहेर बदलतं, दुखापती होतात, कोच डाव बदलतात. त्यामुळे आकड्याचा उपयोग सुरुवातीपुरताच आहे. पुढचं प्रश्न ७ ते ९ मध्ये.

७. थ्रीवर जगणारा संघ प्लेऑफमध्ये बुडतो असं म्हणतात. त्यात तथ्य किती?

त्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

२०२४-२५च्या सेल्टिक्सने पूर्ण हंगामात दोन गुणांच्या फेकींपेक्षा तीन गुणांच्या फेकी जास्त टाकल्या. सामन्याला सरासरी ४८. त्यातल्या साधारण ३७ टक्के पडायच्या. ३७ टक्के तीन गुणांचे म्हणजे दर फेकीला सरासरी १.११ गुण. दोन गुणांच्या फेकीतून तेवढंच मिळवायचं तर ५५ टक्क्यांवर पाडाव्या लागतात. म्हणजे विचार म्हणून ही पद्धत पक्की आहे, आणि २०२४ मध्ये याच पद्धतीने हा संघ प्लेऑफमध्ये १६-३ असा खेळून विजेता झाला होता.

आता मे २०२५. पहिल्या सामन्यात सेल्टिक्सने ६० थ्री टाकले, १५ पडले. चुकलेले ४५ हा प्लेऑफमधला विक्रम आहे. दुसऱ्या सामन्यात ४०पैकी १०. दोन सामने मिळून १००पैकी २५. नेहमीसारखे ३७ पडले असते तर आणखी १२ बास्केट, म्हणजे ३६ गुण. आणि ते दोन सामने सेल्टिक्स हरले किती फरकाने? पहिला १०५-१०८ असा ओव्हरटाइममध्ये, दुसरा ९०-९१. दोन्ही सामन्यांत ते एका टप्प्यावर २० गुणांनी पुढे होते. हातातोंडाशी आलेला घास दोन्ही वेळा गेला. तिसऱ्या सामन्यात ४०पैकी २० पडले आणि त्यांनी ११५-९३ असा सहज विजय मिळवला.

म्हणजे नशीबच ना? इथे मी बराच काळ अडकलो होतो. निव्वळ नशीब म्हटलं की विचार करायचं कारणच उरत नाही. निक्सने काही ठिकाणी मुद्दाम एकास एक बचाव ठेवून पासची साखळी तोडली. सेल्टिक्सने आघाडी असताना रिंगकडे घुसून फाउल मिळवायचे सोडून लवकर-लवकर थ्री टाकले. तरीही त्यातला मोठा भाग चढउताराचा होता, हे मान्य करायला हवं.

माझ्या मते खरा मुद्दा असा: थ्रीवर चालणारा संघ सरासरीने वाईट नसतो, पण त्याचे चढउतार मोठे असतात. कमकुवत संघासाठी चढउतार फायद्याचे, बलवान संघासाठी तोट्याचे. म्हणून बलवान संघाबद्दल मी आता विचारतो, थ्री पडत नसतील त्या रात्री हा संघ ९५ गुण कसे करतो? फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक), आपलीच चुकलेली फेक परत मिळवून, की फास्ट ब्रेकवर (बॉल मिळताच झटपट केलेली चढाई)? २०२५च्या सेल्टिक्सबद्दल याचं समाधानकारक उत्तर एप्रिलमध्येही माझ्याकडे नव्हतं. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

८. प्लेऑफमध्ये बेंच, म्हणजे राखीव खेळाडू, कमी खेळते म्हणतात. मग खोल बेंचचा उपयोग काय?

नियमित हंगामात नऊ-दहा खेळाडू फिरवले जातात, प्लेऑफमध्ये सात-आठ. लागोपाठ दोन रात्री सामने नसतात, त्यामुळे मुख्य खेळाडू ४० मिनिटं खेळू शकतात. म्हणून नवव्या-दहाव्या खेळाडूच्या जोरावर जिंकलेले हंगामी सामने थोडे वजा करूनच बघायचे.

निक्सच्या बाबतीत हा हिशेब उलटा होता. कोच टॉम थिबोडो मुख्य पाचजणांना वर्षभर प्रचंड खेळवतात अशी टीका होती. जेलन ब्रन्सन, जॉश हार्ट, मिकाल ब्रिजेस, ओ. जी. अनुनोबी आणि कार्ल-अँथनी टाउन्स हे पाच जण एकत्र जितकी मिनिटं खेळले, तितकी लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही पाचजणांच्या गटाने काढली नाहीत. मला वाटलं होतं हे मेपर्यंत थकून जातील. पण त्यांची आपसातली समज इतकी पक्की झाली होती की अटीतटीच्या वेळी कोण कुठे असेल हे बघावंही लागत नव्हतं. थकव्याची भीती खरी आहे, पण ती मोजायला माझ्याकडे एकही विश्वासार्ह आकडा नाही, म्हणून आता मी तिला कमी वजन देतो.

९. दुखापतींची यादी कशी वाचायची?

एनबीएचे संघ सामन्याआधी अधिकृत यादी देतात. ‘आउट’ म्हणजे नाही खेळणार. ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही. ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुधा खेळेल. पण प्लेऑफआधी यादीत नाव आहे की नाही यापेक्षा, खेळाडू परतल्यानंतर किती मिनिटं खेळला आणि कसा हलला हे बघा.

ब्रन्सनचा घोटा मार्चच्या सुरुवातीला दुखावला. तो १५ सामने बाहेर बसून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतला. सेल्टिक्सकडे जेलन ब्राउनचा गुडघा त्रास देत होता. तो खेळत होता, त्यामुळे आम्ही त्याला ‘फिट’ धरलं. ही चूक फार सर्वसाधारण आहे. खेळतोय म्हणजे बरा आहे असं नसतं. आपल्या कोर्टवरसुद्धा मुचकलेल्या पायाने खेळणारा पोरगा डावीकडे वळायचं टाळतो, ते दोन मिनिटांत दिसतं. टीव्हीवरही दिसतं, फक्त बॉल सोडून पाय बघावे लागतात.

१०. सेल्टिक्स हरले ते टेटम जखमी झाला म्हणूनच ना?

नाही. मी सेल्टिक्सचा चाहता असूनही हे ठामपणे सांगतो. सेल्टिक्सचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याच्या टाचेच्या वरचा अकिलीस स्नायुबंध फाटला तो चौथ्या सामन्याच्या शेवटच्या तीन मिनिटांत. त्या वेळी सेल्टिक्स मालिकेत २-१ मागे होते, त्या सामन्यातही मागे होते, आणि टेटम ४२ गुण करून बसला होता. तो सामना निक्सने १२१-११३ जिंकला. पाचवा सामना सेल्टिक्सने टेटमशिवाय १२७-१०२ जिंकला. सहाव्यात मात्र ८१-११९ अशी वाताहत झाली. टेटम असता तर सातवा सामना झाला असता का, यावर भांडता येईल. पण मालिका हातातून निसटायला सुरुवात पहिल्या दोन रात्रींत झाली होती (प्रश्न ७).

११. दोन प्रतिस्पर्धी भेटतीलच हे कशावरून? आधीच्या फेरीचं काय?

तुलना करताना हे बहुतेक जण विसरतात. दुसरा आणि तिसरा संघ आपापली पहिली फेरी जिंकले तरच दुसऱ्या फेरीत भेटतात. एनबीएत प्रत्येक फेरीनंतर मानांकन नव्याने लावत नाहीत, सुरुवातीचा आराखडा शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणून शक्यता गुणायच्या. एकाची पहिली फेरी जिंकायची शक्यता ९० टक्के आणि दुसऱ्याची ७० टक्के धरली, तर दोघे भेटायची शक्यता ६३ टक्केच. २०२५ मध्ये सेल्टिक्सने ऑर्लँडोला ४-१ हरवलं. निक्सना डेट्रॉइटने सहा सामने दमवलं, आणि हा तोच डेट्रॉइट जो आदल्या वर्षी ८२पैकी फक्त १४ सामने जिंकला होता.

‘कोण पुढे जाईल’ आणि ‘समोरासमोर कोण जिंकेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भांडण सुरू करण्याआधी कोणता प्रश्न चालू आहे ते ठरवून घ्या.

१२. दोघांचे विजय सारखे झाले तर वरचा नंबर कोणाला? नेट रनरेटसारखं काही असतं का?

नाही. आयपीएलमध्ये रनरेट येतो, तसा इथे गुणफरक लगेच येत नाही. दोन संघांची बरोबरी झाली तर आधी त्यांच्यातले आपसातले निकाल बघतात. तेही सारखे असतील तर डिव्हिजन जिंकलेल्या संघाला प्राधान्य मिळतं. त्यानंतर, एकाच डिव्हिजनमधले असतील तर डिव्हिजनमधली कामगिरी, मग गटातली कामगिरी. म्हणजे आपसातल्या सामन्यांना प्रश्न ४ मध्ये मी जे वजन कमी केलं, ते गुणतक्त्यात मात्र पूर्ण आहे.

१३. शेवटच्या आठवड्यातला फॉर्म बघायचा का?

अगदी थोडा. हंगामाच्या शेवटी ज्यांचा नंबर पक्का झालेला असतो ते मुख्य खेळाडूंना बसवतात, आणि काही संघ तर प्लेऑफमधून बाहेरच गेलेले असतात. मोठा बदल झाला असेल तर मात्र लक्ष द्या. २०२५ मध्ये डेन्व्हरने हंगामाचे तीनच सामने उरलेले असताना कोच मायकेल मलोन यांना काढलं. सगळे म्हणाले, संपलं. तेच डेन्व्हर पुढे थंडरसमोर सातव्या सामन्यापर्यंत गेले.

१४. ‘क्लच’ (अटीतटीच्या शेवटच्या क्षणी चमकणारा) खेळाडू असलेल्या संघाला जास्त गुण द्यायचे का?

ब्रन्सनला त्या हंगामाचा ‘क्लच प्लेयर’ पुरस्कार मिळाला होता, आणि मालिकेत त्याने तो सार्थ ठरवला. पण पहिल्या दोन सामन्यांचा शेवट आठवा. दोन्ही वेळा शेवटचा बॉल सेल्टिक्सकडे होता, आणि दोन्ही वेळा मिकाल ब्रिजेसने तो काढून घेतला, एकदा ब्राउनकडून, एकदा टेटमकडून. शेवटच्या क्षणी बास्केट टाकणारा सगळ्यांना आठवतो, बॉल काढून घेणारा नाही. म्हणून क्लचबद्दल विचारताना मी आता विचारतो: शेवटच्या मिनिटाला हा संघ बचाव कोणाला करायला लावतो?

१५. फ्री थ्रो न जमणाऱ्या खेळाडूला मुद्दाम फाउल करतात, ते नियमात बसतं का?

बसतं. सेल्टिक्सने तिसऱ्या सामन्यात रॉबिन्सनला हेच केलं आणि त्याला बसवावं लागलं. अपवाद एवढाच की प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बॉलपासून दूर असलेल्या खेळाडूला असं फाउल केलं तर समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो आणि बॉलही त्याच्याकडेच राहतो. तुलना करताना प्रत्येक संघात असा एखादा दुबळा दुवा आहे का ते बघा. हंगामात कोणी त्याच्या मागे लागत नाही. सात सामन्यांत लागतातच.

१६. ऐन वेळी नवा खेळाडू घेऊन संघ प्लेऑफला ताकद वाढवू शकतो का?

फारशी नाही. १ मार्चनंतर एखाद्या संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून त्या वर्षी प्लेऑफ खेळू शकत नाही. ‘टू-वे’ करारावरचे (एनबीए आणि तिच्या खालची लीग असं दोन्हीकडे खेळणारे) खेळाडूही त्या करारावर असेपर्यंत चालत नाहीत, त्यांना आधी नियमित करारावर घ्यावं लागतं.

१७. गतविजेत्यांना जास्त वजन द्यायचं का?

२०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले: टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा सिटी. त्याआधी लागोपाठ दोनदा जिंकलेला संघ म्हणजे २०१७ आणि २०१८चा गोल्डन स्टेट. अनुभवाला मी मान देतो, पण गतविजेतेपदासाठी वेगळे टक्के वाढवत नाही. ते गुणफरकात आलेलेच असतात.

१८. मग २०२५ आधी तुमच्या मते बरोबर टक्के किती होते?

आज मागे वळून, पण निकाल माहीत नाही असं धरून, मी सेल्टिक्सला ७० आणि निक्सना ३० दिले असते. गुणफरकाने सेल्टिक्स स्पष्ट वरचढ होते, ते नाकारून चालणार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात ९०-१० होतं. ते वीस टक्के कुठे गेले? रॉबिन्सनचं परतणं, ब्राउनचा गुडघा, आपसातले घटत गेलेले फरक, आणि थ्री न पडलेल्या रात्रीचं उत्तर नसणं. चारही गोष्टी प्लेऑफआधी उघड्यावर होत्या. निकाल सांगता आला नसता, पण ९० म्हणायचं काही कारण नव्हतं.

१९. हेच टक्के पुढच्या वर्षीच्या सेल्टिक्स-निक्सला लावता येतील का?

नाही. त्याच उन्हाळ्यात सेल्टिक्सचे पोर्झिंगिस, जू हॉलिडे, हॉरफर्ड आणि कॉर्नेट दुसरीकडे गेले. निक्सने तर २००० नंतर प्रथमच गटाची अंतिम फेरी गाठून, इंडियानाकडून ४-२ हरल्यावर थिबोडो यांना काढलं आणि माइक ब्राउन यांना आणलं. जर्सी तीच असली तरी संघ वेगळे. दर वर्षी पाटी कोरी करून प्रश्न ३पासून सुरुवात करायची.

२०. एवढा अभ्यास करून पैज लावली तर?

लावू नका. मी या प्रश्नावर मेसेजमध्येही पुढे बोलत नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि कोर्टवर सोळा-सतरा वर्षांची मुलं हे सगळं ऐकत असतात.

२१. सामने आपल्याकडे किती वाजता असतात?

एप्रिल-मेमध्ये न्यू यॉर्क-बॉस्टनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे संध्याकाळी साडेसात म्हणजे इथे पहाटे पाच. पश्चिम किनाऱ्यावरचे उशिराचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसात-आठला सुरू होतात, म्हणजे ऑफिसला निघालेल्यांचा उत्तरार्ध ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर मोबाइलवर जातो. शनिवार-रविवारी तिथे दुपारचे सामने असतात, ते आपल्याकडे रात्री साडेदहा ते एकच्या सुमारास. नवीन बघणाऱ्यांनी त्यापासून सुरुवात करावी. सोमवारची शाळा असलेल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण सामना रेकॉर्डिंगवर बघावा. प्रश्न ९ मधलं पाय बघणं त्यात जास्त नीट जमतं.

२२. आमच्या नवी मुंबईतल्या स्पर्धेत हाच हिशेब चालेल का?

पद्धत चालेल, आकडे चालणार नाहीत. तुमच्याकडे बाद फेरी एकाच सामन्याची असते. प्रश्न ६ मधले ६० टक्के तिथे ६०च राहतात, ७१ होत नाहीत. सामना ४८ऐवजी ४० मिनिटांचा, खेळाडू सहाऐवजी पाच फाउलवर बाहेर, आणि थ्रीची रेषा एनबीएपेक्षा जवळ, ६.७५ मीटरवर. सामना छोटा म्हणजे चढउतार मोठे, म्हणजे कमकुवत संघाला संधी जास्त. मुख्य सेंटरला पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल बसले की तुमची सगळी तुलना बदलते, त्यामुळे समोरच्या संघात दुसरा सेंटर कोण आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि तुम्हीच कमकुवत बाजू असाल तर भरपूर थ्री टाका. मोकळे मिळाले तरच.